अवघड इंग्रजी शब्द आफ्रिकान्सच्या जोडीने कसे शिकावेत

दक्षिण आफ्रिकेत नोकरीनिमित्त आलेल्या मराठी घरांत पहिल्या वर्षात एक संध्याकाळ हमखास येते. मूल शाळेतून येतं, दप्तरातून वही काढतं आणि म्हणतं, "आई, उद्या आफ्रिकान्सची चाचणी आहे, वीस शब्द पाठ करायचेत." डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे आफ्रिकान्स. आफ्रिकान्स आपल्याला येत नाही हे माहीतच असतं. पण डावीकडच्या इंग्रजी शब्दांपैकीही चार-पाच शब्दांचा अर्थ आपल्याला धड सांगता येत नाही, हे त्या संध्याकाळी कळतं.

आमच्याकडे ती संध्याकाळ प्रिटोरियात आली. लेक सातवीत होती. यादीत 'व्हल्नरेबल' हा शब्द होता. ऑफिसात मी तो रोज वापरत होते. लेकीला "असुरक्षित" एवढं सांगितलं आणि स्वयंपाकाला लागले. तो अर्थ किती अपुरा होता ते मला नंतर शेजारच्या बाईंमुळे समजलं. ते पुढे येईलच. त्यानंतरची चार वर्षं मी लेकीबरोबर तिच्या याद्या करत आले. आफ्रिकान्स बेताचंच आलं, पण माझं इंग्रजी त्या काळात जितकं पक्कं झालं तितकं आधीच्या वीस वर्षांत झालं नव्हतं. ते कसं झालं, ते नव्याने आलेल्यांसाठी क्रमाने लिहिते आहे. मूल शाळेत असेल तर उत्तमच, पण नसलं तरी हरकत नाही. वही, शब्दकोश आणि रोजचा अर्धा तास एवढं पुरतं.

आधी, हे का जमतं

इंग्रजीने आपले भारदस्त शब्द बहुतेक लॅटिन, ग्रीक आणि फ्रेंचमधून तयार उचलले. त्यामुळे शब्दाच्या आत काय आहे ते बोलणाऱ्याला दिसत नाही. 'न्यूमोनिया' म्हटल्यावर त्यात फुप्फुस आहे हे ग्रीक येणाऱ्यालाच कळणार. आफ्रिकान्स ही डचची लेक. तिने तसे शब्द घरातल्याच सामानातून बांधले. न्यूमोनियाला आफ्रिकान्समध्ये 'लोंगओंटस्टेकिंग' म्हणतात. लोंग म्हणजे फुप्फुस, ओंटस्टेकिंग म्हणजे पेटणं, दाह. पाच वर्षांच्या मुलालाही शब्द उघडून दाखवता येतो.

आणि मराठी माणसाजवळ तिसरी किल्ली आधीपासून आहे. आपले जड शब्द संस्कृतातून आले, आणि तेही असेच जोडून बनलेले: उपसर्ग, धातू, प्रत्यय. शाळेत संधी-समास सोडवले आहेत ना? तेच काम इथे करायचं आहे.

पायरी १: कान आणि जीभ

यावर दोन दिवसांपेक्षा जास्त घालवू नका. आफ्रिकान्समधला जी हा घशातून खरवडून काढलेला ख आहे. व्ही म्हणजे फ, डब्ल्यू म्हणजे व, जे म्हणजे य. शब्दाच्या शेवटी डी आला की त्याचा ट होतो. शेवटी लागणारा लाडाचा प्रत्यय टी-जे-आय-ई असा लिहितात, पण म्हणताना बहुधा 'की' म्हणतात. हे एवढं कळलं की यादी मोठ्याने वाचता येते. व्याकरणाची भीती बाळगू नका: नामांना लिंग नाही, क्रियापद पुरुषाप्रमाणे बदलत नाही. मी आहे, तू आहेस, तो आहे: 'एक इस, येइ इस, हेइ इस'. झालं.

उच्चार वहीत देवनागरीत लिहायला संकोच वाटून घेऊ नका. ही भाषा परक्या लिपीतही नांदलेली आहे. केपटाउनच्या मुस्लिम वस्तीतल्या मदरशांमध्ये एकोणिसाव्या शतकात मुलं आफ्रिकान्स अरबी लिपीत लिहीत. तिथले धर्मपंडित अबू बकर एफेन्दी यांचं इस्लामी धर्माचरणावरचं पुस्तक अरबी लिपीतल्या आफ्रिकान्समध्ये १८७७ साली इस्तंबूलमध्ये छापलं गेलं. त्याच केपटाउनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आपल्या रत्नागिरीकडची कोकणी मुस्लिम कुटुंबंही येऊन स्थिरावली, आणि घरात कोकणी, बाहेर आफ्रिकान्स आणि इंग्रजी असा संसार त्यांनी केला. आपल्या आधी या वाटेने गेलेली माणसं आहेत. एक शब्द तर आपल्याला शिकावाही लागत नाही. लोणच्याला आफ्रिकान्समध्ये 'आच्यार' म्हणतात.

पायरी २: दहा उपसर्ग

इथे घाई करायची नाही. पहिले दोन आठवडे शब्द पाठ करू नका, फक्त हे दहा तुकडे पाठ करा. आफ्रिकान्सचा तुकडा, मग लॅटिनमधून इंग्रजीत आलेला, मग आपला:

ओम, म्हणजे भोवती. इंग्रजीत सर्कम, आपल्याकडे परि.
ओन्डर, म्हणजे खाली. सब; अध.
फोअर, म्हणजे आधी, पुढे. प्री, पूर्व.
एइट, म्हणजे बाहेर. एक्स, निर्, बहि.
आफ, म्हणजे सुटून, खाली. डी, अव.
डेअर, म्हणजे आरपार. ट्रान्स, पार.
टेअन, म्हणजे विरुद्ध. कॉन्ट्रा, प्रति.
मेडे, म्हणजे सोबत. कॉम, सह.
हेर, म्हणजे पुन्हा. री, पुनर्.
ओन, म्हणजे नाही. इन, अ किंवा अन.

एवढ्या भांडवलावर काय उभं राहतं ते बघा. 'रिव्होक' हा कोर्टकचेरीतला इंग्रजी शब्द, दिलेला परवाना किंवा आदेश मागे घेणं. आफ्रिकान्समध्ये 'हेररूप'. रूप म्हणजे हाक मारणं. पुन्हा हाक मारून परत बोलावणं! लॅटिनमध्येही नेमकं तेच आहे, कारण व्होकारे म्हणजे हाक मारणं. 'एक्सक्लूड' म्हणजे 'एइटस्लेइट': बाहेर ठेवून दार लावणं. 'सबटरेनिअन' म्हणजे 'ओन्डरख्रोंट्स': जमिनीखालचं, आपलं भूमिगत.

पायरी ३: शब्द उकलणं

हीच खरी पायरी. एक शब्द घ्यायचा आणि तिन्ही भाषांत त्याचे टाके उसवायचे. मी माझ्या वहीतले काही तसेच्या तसे देते.

'सर्कमस्टन्सेस'. आफ्रिकान्स 'ओमस्टांडिखहेडे'. ओम म्हणजे भोवती, स्टान म्हणजे उभं राहणं. जे आपल्याभोवती उभं आहे ते. आता मराठी शब्द घ्या: परिस्थिती. परि म्हणजे भोवती, स्था म्हणजे उभं राहणं. तिन्ही भाषांनी एकच चित्र काढलं आहे. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी वही तशीच ठेवून लेकीला उठवायला गेले होते.

'डिपेन्ड'. आफ्रिकान्स 'आफहांग', म्हणजे खाली लोंबणं. लॅटिन पेन्डेरे म्हणजेही लोंबणं, म्हणून गळ्यातलं पेंडंट. आणि आपण काय म्हणतो? अवलंबून. अव अधिक लंब. लंबक, प्रलंबित, विलंब, सगळे त्याच दोरीला लटकलेले. या शब्दावरूनच 'इन्डिपेन्डन्ट' कळतो: 'ओनआफहांक्लिक', जो कुणाला लोंबकळत नाही तो.

'रिस्पॉन्सिबिलिटी'. आफ्रिकान्स 'फरआंटवोर्डलिकहेइट'. शब्द आगगाडीएवढा आहे, पण मधला डबा फक्त बघा: आंटवोर्ट, म्हणजे उत्तर. इंग्रजीतही रिस्पॉन्स म्हणजे उत्तर. संस्कृताळलेलं मराठी उत्तरदायित्व म्हणतं आणि रोजचं मराठी म्हणतं जबाबदारी, जिच्यात फारसीतून आलेला जबाब आहे. ज्याच्याकडे विचारणा होईल आणि ज्याला उत्तर द्यावं लागेल, त्याची ती.

'ट्रान्स्परन्ट': 'डेअरसिख्टिख', आरपार दिसणारं, पारदर्शक. 'प्रेज्युडिस': 'फोअरओर्डेअल', ओर्डेअल म्हणजे निवाडा, तो आधीच देऊन टाकलेला, आपला पूर्वग्रह. 'इनएव्हिटेबल': 'ओनफरमेइडलिक', फरमेइ म्हणजे टाळणं, अटळ, अपरिहार्य. 'ऑम्निशन्ट': 'आलवेटेंट', सगळं जाणणारा, सर्वज्ञ.

आणि आता 'व्हल्नरेबल'. शेजारी एक वयस्कर बाई राहतात. त्यांना आम्ही टान्नी म्हणतो; इथे वडीलधाऱ्या बाईला टान्नी आणि पुरुषाला ओअम म्हणायची रीत आहे, आपल्या मावशी-काकांसारखी, नातं असो नसो. ऑक्टोबरचे दिवस होते, जॅकरांडा फुलला होता, रस्ताभर जांभळा सडा पडला होता. टान्नींनी फाटकातून हाक मारली. झाडाखाली पारव्याएवढा एक पक्षी पंख वाकडा करून बसला होता. मांजराने धरला असावा. त्या खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "हेइ इस खेक्वेस." जखमी आहे. संध्याकाळी लेकीची यादी पुन्हा हातात घेतली: व्हल्नरेबल, 'क्वेसबार'. क्वेस म्हणजे जखम करणं, बार म्हणजे शक्य असणं. ज्याला जखम होऊ शकते तो. लॅटिनमध्येही व्हल्नस म्हणजे जखमच. असुरक्षित म्हटलं की लक्ष आजूबाजूच्या धोक्याकडे जातं. क्वेसबार म्हटलं की लक्ष त्या जिवाच्या कातडीकडे जातं. तेव्हापासून इंग्रजीत तो शब्द वापरताना मी थबकते आणि योग्य जागीच वापरते.

शब्दाची अशी खूण मनात बसली की तो विसरत नाही. म्हणून शक्य असेल तिथे शब्दाला तुमच्या डोळ्यांनी पाहिलेली एखादी गोष्ट जोडा.

पायरी ४: शेपट्या

प्रत्यय चारच सांगते, पण शब्द शेकडो मिळतील.

बार, म्हणजे शक्य. 'टॅन्जिबल' हा 'टासबार': टास म्हणजे चाचपणं, हाताला लागेल असं. 'ससेप्टिबल' हा 'फाटबार': फाट म्हणजे पकडणं, घेणं. पटकन सर्दी पकडणारं मूल. आपणही म्हणतोच, याला सर्दी लगेच पकडते.

लोअस, म्हणजे विना. 'मूडेलोअस' म्हणजे 'डिस्पॉन्डन्ट', उमेद गेलेला.

हेइट, म्हणजे आपला ता किंवा त्व.

सख, म्हणजे हव्यास. आणि जुन्या अर्थाने आजार. 'सेल्फसख' म्हणजे स्वार्थ, 'हेपसख' म्हणजे लोभ, आणि 'खेअलसख', पिवळा आजार, म्हणजे 'जॉन्डिस', कावीळ. लोभ आणि कावीळ एकाच शेपटीचे आहेत, हे मला फार पटतं.

पायरी ५: स्वभावाचे शब्द एकत्र घ्या

वर्णमालेप्रमाणे शब्द शिकू नका, कुटुंबं धरून शिका. सुरुवातीला सगळ्यात फळ देतं ते माणसांच्या स्वभावाचं कुटुंब, कारण इथे संस्कृताचीही गरज पडत नाही. आपली घरगुती मराठीच पुरते. 'मूट' म्हणजे मन, उमेद, धीर. त्यावरून:

'मॅग्नॅनिमस': 'ख्रोअटमूडिख'. शब्दशः मोठ्या मनाचा. लॅटिनही तेच सांगतं, मॅग्नस म्हणजे मोठा, ॲनिमस म्हणजे मन.
'मेलन्कली': 'स्वारमूडिख', जड मनाचा.
'इक्वॅनिमिटी': 'खेलेइकमूडिखहेइट', मन समान ठेवणं, समचित्तता. ज्यांनी गीता वाचली आहे त्यांना हा शब्द पुन्हा समजावून द्यावा लागणार नाही.

मूटवाले संपले की शेजारचे घ्या. 'टॅसिटर्न': 'स्वेइखसाम', गप्प राहणारा, मितभाषी. त्याच्या उलट 'लक्वेशस': 'प्राटसीक', बोलण्याचा आजार जडलेला, आपला बोलघेवडा त्यापेक्षा प्रेमळ आहे. 'ऑब्स्टिनेट': 'हार्टकोपिख', कठीण डोक्याचा. आणि माझा सगळ्यात आवडता: 'गलिबल', म्हणजे 'लिखखेलोविख'. लिख म्हणजे हलका, खेलोविख म्हणजे विश्वास ठेवणारा. मराठीत आपण म्हणतो, हलक्या कानाचा. इंग्रजी शब्दात काहीच दिसत नाही, आफ्रिकान्स आणि मराठीत हलकेपणा दोन्हीकडे आहे.

मुलं कंटाळली तर मधे प्राणी घ्या. 'कमीलिअन' म्हणजे 'फरक्लेअरमानेकी', रंग बदलणारा छोटा माणूस. साळिंदर, इंग्रजी 'पॉर्क्युपाइन', म्हणजे 'एइस्टरफार्क', लोखंडी डुक्कर. जिराफ 'कामेअलपेर्ट', उंटघोडा. पाणघोडा मात्र इथे घोडा राहत नाही. ग्रीकमधून आलेल्या 'हिपोपोटॅमस'मध्ये नदी आणि घोडा आहेत, आपल्याकडे पाणी आणि घोडा, पण आफ्रिकान्समध्ये 'सेअकूइ', समुद्रगाय.

पायरी ६: वही कशी आखायची

शाळेची दोन रकान्यांची वही पाठांतरासाठी ठीक, समजण्यासाठी नाही. पान आडवं धरा आणि चार रकाने पाडा. पहिल्यात इंग्रजी शब्द. दुसऱ्यात आफ्रिकान्स, तुकड्यांमध्ये छोटी रेघ देऊन. तिसऱ्यात प्रत्येक तुकड्याचा मराठी अर्थ, आणि मराठीत तसाच बांधलेला शब्द असेल तर तो लाल शाईने. चौथा रकाना सगळ्यात रुंद ठेवा: तिथे तुमचं स्वतःचं इंग्रजी वाक्य. शब्दकोशातलं उतरवू नका. ऑफिस, घर, शाळा, दवाखाना, कुठलंही, पण तुम्ही खरोखर बोलाल असं.

चौथ्या रकान्यावर मी इतका जोर देते, कारण उकल अर्थ देते, वापर देत नाही. कुठल्या शब्दामागे कुठलं शब्दयोगी येतं, शब्द बोलण्यात चालतो की लिहिण्यात, हे इंग्रजी वाक्यातूनच कळतं.

शब्द उकलला नाही तर अडून बसू नका. आफ्रिकान्सनेही पुष्कळ शब्द थेट लॅटिनमधून घेतले आहेत. बऱ्याचदा एकाच अर्थाचे दोन शब्द सापडतात: 'अनॉनिमस'ला 'आनोनीम'ही आहे आणि 'नामलोअस'ही. शिकताना घरगुती शब्द आधी घ्या. नामलोअसमध्ये नाम आपलंच आहे, उच्चारासकट! चाचणीत मात्र शिक्षिकेने दिलेला शब्दच लिहायला मुलाला सांगा.

शब्दकोश घ्यायचा तर फारोस प्रकाशनाचा इंग्रजी-आफ्रिकान्स दुहेरी कोश घ्या. जुन्या पुस्तकांच्या दुकानात जुन्या आवृत्त्या स्वस्तात मिळतात आणि या कामाला त्या पुरतात.

पायरी ७: फसवे शब्द वेगळ्या पानावर

वहीचं शेवटचं पान यांच्यासाठी राखा. आमच्या लेकीच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी लिहिलं होतं, ती 'स्लिम' आहे. फोनवर सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या काळजीत पडल्या, पोर वाळली म्हणून. आफ्रिकान्समध्ये स्लिम म्हणजे हुशार. असे आणखी:

'स्टाडिख' म्हणजे हळू; इंग्रजी स्टेडीशी त्याची गल्लत करू नका. रस्त्यावर 'रेइ स्टाडिख' दिसलं तर वेग कमी करा.
'आक्टुएअल' म्हणजे सध्या चर्चेत असलेलं. इंग्रजी ॲक्चुअल नव्हे.
'कोन्सेक्वेंट' म्हणजे सातत्य राखणारा, इंग्रजीत 'कन्सिस्टन्ट'.
'खेनिआल' म्हणजे प्रतिभावान. इंग्रजी 'जीनिअल' म्हणजे हसतमुख, प्रेमळ. शिफारसपत्र लिहिताना ही चूक महागात पडेल.

पायरी ८: समोरासमोर ठेवून वाचणं

तीन महिने झाले, दीडेकशे शब्द झाले, की यादी सोडून खऱ्या मजकुराकडे या. या देशात त्याची वाण नाही. विजेच्या खांबावर, कुंपणावर पाटी असते: 'डेंजर, खेफार, इन्गोझी', इंग्रजी, आफ्रिकान्स आणि झुलू. जुन्या रस्त्यांवर मार्गिकेत पांढऱ्या रंगाने 'स्लेख्स' आणि 'ओन्ली' शेजारी शेजारी रंगवलेलं असतं. स्वयंपाकघरातली पाकिटं उलटी करा, घटक दोन्ही भाषांत सापडतील. औषधाच्या खोक्यातलं पत्रक फेकू नका. पुष्कळ पत्रकं दोन्ही भाषांत असतात, आणि 'ड्राउझिनेस' म्हणजे 'लोमरिखहेइट', गुंगी, हे मी खोकल्याच्या औषधावरूनच शिकले.

पुढे मासिकं आहेत. 'हेइसखेनोअट' हे साप्ताहिक १९१६ पासून निघतं आणि 'यू' हे त्याचं इंग्रजी भावंड. दोन्हीत बराचसा मजकूर सारखा असतो. दोन्ही एकाच आठवड्याचे अंक घ्या, एकच लेख निवडा, आधी आफ्रिकान्स वाचा, मग इंग्रजी. नावही उकलून बघा: हेइस म्हणजे घर, खेनोअट म्हणजे सोबती. हाच खेनोअट 'टेइटखेनोअट'मध्ये आहे, काळातला सोबती, म्हणजे 'कॉन्टेम्पररी', समकालीन.

आणि ज्यांना भारी मजकूर हवा आहे त्यांनी १९९६ च्या दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेची प्रस्तावना घ्यावी. दोन्ही भाषांत मोफत मिळते, अर्धं पान आहे. सुरुवातीलाच भूतकाळातल्या 'इन्जस्टिसेस'ची कबुली आहे. आफ्रिकान्समध्ये 'ओनखेरेख्टिखहेडे': ओन म्हणजे नाही, रेख म्हणजे हक्क, न्याय. अन्याय. पुढे तो सुंदर भाग येतो, 'युनायटेड इन अवर डायव्हर्सिटी', 'फरएनिख इन ओन्स फरस्केइडेनहेइट'. फरएनिखच्या पोटात एअन आहे, म्हणजे एक. युनायटेडच्या पोटात लॅटिनचा ऊनुस, म्हणजे एक. आणि ऐक्याच्या पोटात आपला एक. मी आणि लेकीने ही प्रस्तावना दोन्ही भाषांत पाठ केली आहे.

बोलताना जपून

ही पायरी नव्हे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. दक्षिण आफ्रिकेला बारा राजभाषा आहेत, दक्षिण आफ्रिकी सांकेतिक भाषा २०२३ मध्ये बारावी झाली. २०२२ च्या जनगणनेत घरी आफ्रिकान्स बोलणारे १०.६ टक्के आहेत आणि घरी इंग्रजी बोलणारे ८.७ टक्के. आफ्रिकान्स फक्त गोऱ्यांची भाषा आहे हा आपल्याकडचा समज चुकीचा आहे. वेस्टर्न केपमध्ये मिश्रवंशीय समाजाची ती मायबोली आहे. पण १६ जून १९७६ ला जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या काळ्यांच्या वस्तीत शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली ती काळ्या मुलांच्या शाळांत आफ्रिकान्स माध्यम लादल्यामुळे, आणि पोलिसांच्या गोळ्यांनी मुलं मेली. तो दिवस आज सार्वजनिक सुट्टीचा आहे. म्हणून अनोळखी माणसाशी उत्साहाने एकदम आफ्रिकान्स सुरू करू नका. समोरच्याने सुरू केलं तर दोन शब्द जरूर बोला. नेल्सन मंडेला यांनी तुरुंगात असताना आफ्रिकान्सचा अभ्यास केला होता.

उजळणी

दिवसाला दोनच शब्द नवे. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने परत. मोबाइलवरच्या ॲपमध्ये करा किंवा कागदाच्या चिठ्ठ्यांवर. मी चिठ्ठ्या वापरते, कारण डाळीच्या डब्यात ठेवता येतात आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत पाचेक होतात. चिठ्ठीच्या दर्शनी बाजूला आफ्रिकान्सचे तुकडे लिहा, मागे इंग्रजी शब्द. उलट केलंत तर फक्त पाठांतर होईल. तुकड्यांवरून इंग्रजी शब्दापर्यंत पोचण्यातच डोकं चालतं.

मुलांच्या परीक्षेसाठी एक सांगते. इथल्या मॅट्रिकला (हो, आपले आजोबा म्हणायचे तीच मॅट्रिक, इथे बारावीला अजून तेच म्हणतात) दोन राजभाषा घ्याव्या लागतात, एक मुख्य आणि एक पहिली जोडभाषा. बाहेरून उशिरा आलेल्या मुलांसाठी सवलतीची तरतूद आहे, तिची चौकशी शाळेत प्रवेशाच्या वेळीच करा. पण मूल प्राथमिक शाळेत असेल तर सवलत मागण्याआधी एक वर्ष ही वही करून बघा, असं मी आग्रहाने सांगेन.

उपसर्गांचे दोन आठवडे झाले की शब्दांची सुरुवात या सहांनी करा, अर्थ मुद्दाम देत नाही. 'कम्पॅशन', आफ्रिकान्स 'मेडेलेइ'. लेइ म्हणजे सोसणं. 'ॲन्सेस्टर', 'फोअरओउअर'; ओउअर म्हणजे आई किंवा वडील. 'सुपरफिशल', 'ओपरफ्लाकिख', ओपरफ्लाक म्हणजे पृष्ठभाग. 'एक्स्प्रेशन', 'एइटड्रकिंग', ड्रक म्हणजे दाबणं. 'ॲम्बिग्युअस', 'डबेलसिनिख', सिन म्हणजे अर्थ. 'युनॅनिमस', 'एअनस्टेमिख', स्टेम म्हणजे आवाज. प्रत्येकाला मराठी जोडीदार शोधा. एकाचा जोडीदार शुद्ध घरगुती आहे आणि त्यात एकच अक्षरजोडी दोनदा येते. तो सापडला की लाल शाईने लिहा.